सीटवरचा हात

पारशिवनीत मला सायकल शिकवताना बाबा सीट धरून मागे पळत ओरडायचे, “जराशी कलली त जरासं वळव, लय कलली त लय वळव!” कॉम्प्युटरला आकडे कळतात, ‘जरासं’ कळत नाही, असं सगळे म्हणायचे, त्याला तेच शिकवण्यात माझे केस पांढरे झाले. आज नागपुरात, कॉलेजच्या मैदानावर, परीक्षकांसमोर तीच सायकल उभी होती: हँडलला मोटर, कॅरिअरवर कॉम्प्युटर, सीटवर कुणीच नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी ती ढकलली आणि वेग घेण्याआधीच ती आडवी झाली. दुसऱ्यांदाही तेच. पाहुण्यांतून बाबा उठले. “सरका गा, मले धरू द्या.” चपला काढून ते सीट धरून पळत सुटले. सायकल कलली, सावरली, पुन्हा कलली, सावरली. हँडलवर नजर ठेवून बाजूने पळताना मी किंचाळले, “बाबा, आता सोडा!” पार मागून आवाज आला, “कवाचीच सोडून देली वं!”