चाळीस वर्षं वजा

"हलू नका, काका," चित्रकार म्हणाला.

"हलतंय कोण? इतका गप्प मी स्वतःच्या लग्नातही बसलो नव्हतो," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसला.

म्हाताऱ्याचा मुलगा लढाईत बेपत्ता झाला, त्याला दहा वर्षं झाली होती. जिवंतांच्या यादीत नाव नाही, मेलेल्यांच्याही नाही. घर जळालं त्यात फोटोही गेले. पण मुलगा अगदी बापाच्या वळणावर गेलेला. म्हणून म्हाताऱ्याने स्वतःच समोर बसायचं ठरवलं. "माझ्या तोंडातून चाळीस वर्षं वजा करा, की झाला तो," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चित्राच्या प्रती छापून तो स्टेशनांवर आणि दवाखान्यांत लावणार होता. "एक ओळखणारा भेटला तरी पुरे."

चित्रकाराला गल्ली 'कॅप्टन' म्हणायची. कॅप्टन तो कधीच नव्हता. साधा शिपाई म्हणून गेला आणि साधा शिपाई म्हणूनच परत आला. फौजेत काय करायचास, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "खोदकाम." लोक समजायचे खंदक. परतल्यावर त्याची झोप उडाली, हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी ब्रश हातात दिला तेव्हा बहिणीने कपाळावर हात मारला होता. पण ब्रश धरला की थरथर थांबायची. सुरुवातीला तो नुसते झोपलेले चेहरे काढायचा. "अरे, एखाद्याला जागं कर की!" बहीण म्हणायची. उघडे डोळे त्याला हल्लीच जमू लागले होते. आता लोक आपल्या गेलेल्या माणसांची चित्रं काढून घ्यायला त्याच्याकडे यायचे. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, या विचाराने त्याला दोन घास जास्त जायचे.

चार बैठकांत सुरकुत्या गेल्या, पांढरे केस काळे झाले, गाल भरले. पाचव्या दिवशी चित्रकाराचा हात पुन्हा थरथरू लागला.

बहिणीने आणलेला चहा तसाच गार झाला. "बरं नाही का तुला? उद्या बोलव त्यांना," ती हळूच म्हणाली.

"नको, ताई. आजच होऊ दे."

नंतर बराच वेळ तो म्हाताऱ्याकडे न बघताच रंगवत राहिला. शेवटी त्याने चित्र वळवलं.

म्हातारा उठून जवळ आला.

"तोच आहे," तो म्हणाला. "अगदी तोच. डोळे तेवढे उघडायचे राहिलेत." मग त्याचं बोट चित्रातल्या हनुवटीपाशी थांबलं. "हा व्रण... पाच वर्षांचा असताना जिन्यावरून पडला होता. मी तर सांगायला विसरूनच गेलो होतो. तुम्हाला कसं कळलं?"

"प्रती छापू नका, काका. ओळखणारा भेटला."

म्हाताऱ्याने त्याचं मनगट घट्ट धरलं. दहा वर्षांत त्याचा चेहरा असा उजळला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला भेटला होता? कुठे? बरा होता ना? काय म्हणाला?"

चित्रकाराने ब्रश खाली ठेवला.

"काही म्हणाला नाही, काका. मी खोदकामावर होतो."