हाताची घरघर

तिने कान लावला आणि हात गप्प होता.

पुन्हा लावला. श्वास रोखून धरला. काही नाही. तिचा सुतार नवरा नेहमीसारखा डोळे मिटून पडला होता. डायलिसिससाठी त्याच्या मनगटापाशी दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. तिथे रक्त इतक्या जोरात धावायचं, की कातडीखाली शिवणयंत्र चालल्यासारखी घरघर ऐकू यायची. ती बंद पडली तर रक्त गोठलं समजा आणि तडक या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दुसऱ्या हाताच्या शिरा आधीच कामातून गेल्या होत्या. असलं-नसलं ते सगळं या हातावर.

रोज तपासायला सांगितलं होतं त्याला. पण ऐकेल तर शपथ! म्हणून पहाटे, तो झोपेत असताना, तीच गुपचूप कान लावायची. गुपचूप, कारण घरात अबोला होता. ती आपलं मूत्रपिंड द्यायला निघाली होती आणि हा पठ्ठ्या तिला न विचारता परस्पर नकार कळवून आला होता. तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप घातलं होतं.

"अहो, उठा!" ती ओरडली. "हात बंद पडलाय!"

दवाखान्यात बारीक नळी घालून गुठळी ओढून काढली. नखावर मावेल एवढीशी. ती बघतच राहिली. मागे सुई काढल्यावर हेच रक्त काही केल्या थांबत नव्हतं.

"या आजारात असंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थांबायचं तिथे वाहतं, वाहायचं तिथे गोठून बसतं."

"मालकावर गेलंय," ती म्हणाली.

तिने सगळ्यांदेखत त्याच्या मनगटावर कान टेकला. घरघर पुन्हा सुरू झाली होती. एवढ्याशा जागेतून अख्खा माणूस धावत होता. तिच्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले आणि ते तिने पुसलेही नाहीत.

"वेळेत आलात म्हणून हात वाचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाच्या लक्षात आलं?"

"मी रोज पहाटे कान लावते," ती ओशाळून म्हणाली. "यांना ठाऊक नाही. हे झोपेत असतात."

सुतार छताकडे बघत होता.

"झोपेत कुठला?" तो म्हणाला. "डोळे उघडले असते, तर आली असतीस का जवळ?"