अंबूबाईचं तेल

सातवी बरणीही गोठली. प्रतिभाने ती फ्रीजरमधून काढून उलटी धरली, तरी आतलं मोगली एरंडाचं तेल डालड्यासारखं बुडाला चिकटून राहिलं.

"विमान वर गेलं की बाहेर याच्या कितीतरी पट गारठा असतो," भारत सर म्हणाले. "शुक्रवारी प्रकल्पाला पैसे देणारी पुण्याची माणसं येतायत. एक तरी नमुना पातळ राहिलेला दाखव. नाहीतर प्रकल्प बंद."

प्रतिभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन हजार चारपासून तीन वर्षं ती नाशिक रोडच्या या ऑफिसातून एसटीने कळवणच्या पाड्यांवर खेपा घालत होती. विमानात जळतं ते शुद्ध केलेलं रॉकेलच, त्याच्या धुराने हवा तापते, त्याऐवजी झाडाचं तेल वापरता येईल, हे तिने ओट्याओट्यावर बसून समजावलं होतं. गुरंही ज्याला तोंड लावत नाहीत ते कुंपणाचं झाड शेतात लावायचं म्हटल्यावर लोक आधी हसले, मग तिच्या भिडेखातर त्यांनी ते लावलं. पण फळं धरेनात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे पुण्याच्या माणसांना कोण सांगणार?

"अंबूबाईचा कॅन राहिलाय," ती म्हणाली.

अंबूबाई कळवणच्या पलीकडे एकटी राहायची. प्रतिभा गेली की चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. प्रतिभाने दिलेला दोन लिटरचा कॅन तिने कालच एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवला होता, अगदी काठोकाठ भरून. बाकीच्यांचे कॅन निम्मेही भरले नव्हते.

वाटलेले सगळे कॅन जुने, रेशनच्या रॉकेलचे. तो वास महिनाभर ऑफिसात घुमत होता, त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. अंबूबाईच्या तेलाला मात्र निळसर-हिरवी झाक होती. 'बिया कोवळ्या असाव्यात', प्रतिभाने वहीत लिहिलं आणि आठवी बरणी आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने ती वैतागूनच बाहेर काढली. तेल पाण्यासारखं हललं.

तिने पुन्हा ठेवून पाहिली. शुक्रवारपर्यंत ते गोठलं नाही. कधी कुणाला शाबासकी न देणाऱ्या भारत सरांनी पेढे आणले. पुण्याच्या पाहुण्यांनी बरणी चारदा उलटीपालटी केली आणि एकमेकांकडे पाहिलं. याच झाडांच्या फांद्या कापून दोनशे एकरांवर लावायच्या, असं ठरलं. प्रकल्प वाचला. तीन वर्षांचा राग प्रतिभाच्या डोळ्यांतून वाहून गेला.

सोमवारी ती जीप घेऊन अंबूबाईकडे पोचली. अंबूबाईने तिला घरामागे नेलं. तिथे सहा किरटी झाडं उभी होती.

"एवढीच?" प्रतिभाने विचारलं. "मग कॅनभर तेल कसं निघालं, मावशी?"

"कुठलं निघतंय, ताई. तळाला बोटभर आलं, तेवढंच." अंबूबाई ओशाळली. "पर लेकीबाळीचं भांडं रितं धाडू नाय. घरात दुसरं काय नव्हतं, मंग महिन्याचं रेशनचं रॉकेल व्हतं, ते वरून वतलं."