आप्पांच्या माश्या

माशीच्या जनुकांची पट्टी उमटली होती, पण भलत्याच जागी. तिने चाचणीचं जेल पुन्हा दिव्याखाली सरकवलं. चष्मा पुसून पाहिलं. पट्टी जागची हलली नाही.

पांढऱ्या माशीचं हेच तर दुखणं. भिंगाखाली सगळ्या सारख्याच, पिठात घोळून काढल्यासारख्या. त्यातली कुठली फवारणीने मरणार आणि कुठली फवारणी पचवून वर पिकाचा फडशा पाडणार, हे फक्त जनुकांतल्या खुणा सांगतात. ही खूण तर तिला तोंडपाठ होती. प्रयोगशाळेच्या मागच्या बंद खोलीत अभ्यासासाठी पाळलेल्या, महाचिवट माश्यांची. बाहेर ती कुठेच सापडत नव्हती. सापडायला नको होती.

आणि नमुन्याची बाटली होती आप्पांची. तिच्या वडिलांची. आपल्या टोमॅटोवरच्या माश्या तपासायला ते अधूनमधून अशी बाटली आणून देत.

मागच्या महिन्यात ती त्या खोलीतून निघाली ती थेट माहेरी गेली होती. आप्पांकडे ठेवलेलं बाळ तापलंय असा फोन आला होता. कपडे बदलायचं कुणाला सुचतंय? बाळ होतं आप्पांच्या कडेवर, आणि आप्पा पॉलिहाऊसमध्ये, टोमॅटोच्या ओळींत. ती तशीच आत धावली होती.

म्हणजे आपणच नेल्या. आई गेल्यापासून आप्पांनी ज्या झाडांत जीव गुंतवला, ती आता मुळासकट उपटून जाळायची. आणि हे सांगायचंही आपणच.

निकाल ऐकायला आप्पा दुपारी आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. ती त्यांच्यासमोर बसली.

"आप्पा, टोमॅटो काढून टाकावे लागतील. सगळे."

"आँ? अगं, झाडं पैलवानासारखी उभी आहेत!"

"या माश्या साध्या नाहीत. आमच्या इथल्या खोलीतल्या आहेत. त्या दिवशी माझ्याच कपड्यांवरून..." तिने चष्मा काढून डोळे पुसले.

आप्पा खुर्चीत चुळबुळले. कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा.

"रडू नकोस गं, वेडाबाई. माझ्या झाडांवर माशीच नाही. कधीच नव्हती."

"मग आजवर आणलेल्या बाटल्या?"

"त्या शेजाऱ्याच्या भेंडीवरच्या. या खेपेला मेल्याने भेंडीच काढली. मग करतो काय? इथे तुमच्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात ती जास्वंदीची कुंडी आहे ना, तिची पानं हलवली. भुर्रकन उडाल्या. धरली बाटली."

तिचा जीव भांड्यात पडला, आणि तिथून लगेच बाहेर उडी मारून धावायला लागला. खोलीची जाळी कुठेतरी फाटली असणार. ती कुंडी आजच्या आज जाळायला हवी. साहेब काय म्हणतील? मग आप्पा जास्वंदीपाशी बाटली धरून, इकडेतिकडे बघत उभे आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तिला रडता रडता हसू फुटलं.

"अहो पण का? बसचे धक्के खात, उसन्या माश्या घेऊन? भेटायचं तर सरळ घरी यावं की!"

"घरी येतोच ना. तिथे तुझ्या एका हातात बाळाची वाटी, दुसऱ्या हातात फोन. मी तोंड उघडलं की तू म्हणतेस, 'आलेच हं, आप्पा.' रागाने नाही बोलत मी. दिसते मला तुझी ओढाताण." आप्पांनी नजर खिडकीकडे वळवली. "पण इथे नमुना आणला की तू समोर बसतेस. माझ्याकडे बघतेस. आणि विचारतेस, सांगा, कधीपासून त्रास होतोय?"