हिरव्याचा लाल

धम्मपालच्या मामांनी जयपूरहून आणलेली अंगठी साक्षगंधात सत्यशीलाच्या बोटात चढली, तेव्हा अंगणातल्या उन्हात तिचा खडा हिरवागार होता. मग दोघं घरात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायला वाकली आणि ज्योतीजवळ तोच खडा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला. "बघा, कसा दिसून राहिला," ती म्हणाली. "अंगणात होता तसाच," धम्मपाल म्हणाला. मामा हसले. "अरं, हिरव्याचा लाल झाला. लई दुर्मिळ खडा हाय हा." धम्मपालही हसला, पण त्याच्या कपाळावर घाम आला होता. रेल्वेची परीक्षा तो पास झाला होता. आता मेडिकल झाली की इंजिन चालवायची नोकरी लागणार, म्हणून त्याच्या बाबांनी हिंगोलीतल्या सगळ्या सोयऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. सत्यशीलाने त्याला मागच्या दारी नेलं. "तुमाला लाल-हिरवं कळत न्हाई?" "लहानपणापासून न्हाई," तो हळूच म्हणाला. "पण डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांच्या चित्रांत आकडे असतात, ते पाठ केलेत मी. कोणाला कळणार न्हाई." "अन् सिग्नल?" तिच्या डोळ्यांपुढे त्याच्या इंजिनामागची गाडी आली, दारापर्यंत माणसांनी भरलेली. तिने अंगठी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "दुसरी नोकरी मिळंल, मी थांबंन," ती म्हणाली, "पण आधी तुमच्या बाबांना सांगा. मग ही परत घाला." धम्मपालने अंगठी मुठीत धरली. मग दारातून त्याने हाक मारली, "बाबा, जरा इकडं येता का?" पंगतीत वाढत असलेले बाबा हात पुसत, हसतच बाहेर आले.