धाकटीचं रक्त

आईच्या आतड्याचा कर्करोग बळावला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोगाशी झुंजणाऱ्या पेशींची जनुकं त्यांच्यात जन्मापासूनच कमजोर आहेत. ती मुलांतही उतरलेली असू शकतात. तुम्हा भावंडांचं रक्त तपासून घेऊ." दादा आणि ताई रक्त देऊन बाहेर आले, कोपरात कापसाचा बोळा दाबून. धाकटीनंही बाही वर सारली. "तुझं कशाला?" दादा चांगल्या मनानंच म्हणाला. "तुला दत्तक घेतलंय ना! सुटलीस बघ." तिनं बाही खाली ओढली. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिचा जीव त्या दोन बोळ्यांत अडकून राहिला. तिघं खोलीत शिरली, तशी आईनं आधी तिचाच हात धरला. "तू रक्त दिलंस ना गं? मला तुझाच घोर लागलाय. तू अगदी माझ्यावर गेलीयेस." दादा काही बोलणार, तोच धाकटी म्हणाली, "दिलं, आई."