सासूबाईंना शहर दाखवलं

"म्हणजे फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे?" सासूबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

जावयाने हातातला घास ताटात ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डावीकडे वळायचं. कोपऱ्यावर सात नंबरची बस मिळते, ती थेट धक्क्यावर. तिथून सव्वानऊची बोट. खाडीपलीकडे उतरलं की समोरच बसस्थानक, रस्तासुद्धा ओलांडायला नको. गावाकडे दोन गाड्या, सकाळी दहाची आणि संध्याकाळी सहाची.

"तीस वर्षं शाळेत घंटा वाजवली मी, पण वेळ डोक्यात राहील तर शपथ," सासूबाई म्हणाल्या. "सव्वानऊ ना?"

"सव्वानऊ, आई."

त्याची बायको आठ महिन्यांच्या छकुलीला कडेवर घेऊन एका हाताने वाढत होती. हल्ली ती फारशी बोलत नसे, आणि घर कसं शांत वाटे.

सासूबाई त्या शनिवारी सकाळीच येऊन थडकल्या होत्या, न कळवता. लेकीचा फोन बिघडलाय असं तुम्ही सांगितलंत, मग म्हटलं जाऊनच यावं, समुद्रही कधी पाहिला नाही. दोनच दिवस राहीन म्हणाल्या.

दोन दिवस म्हणजे दोन दिवस. जावयाने मनाशी एकच ठरवलं, मायलेकींना एकटं सोडायचं नाही. पाच मिनिटं मिळाली तरी बायको नाही नाही ते सांगत बसणार. इमारतीत चोऱ्या होतात म्हणून कामावर जाताना तो बाहेरून कुलूप लावायचा. तिच्या फोनवर त्याचा फोन येई, तिला मात्र कुणाला करता येत नसे. सगळं तिच्याच भल्यासाठी. पण सांगणारा कसं सांगतो यावर असतं ना. तिने सांगायचं, म्हातारीने ऐकायचं, आणि उगाच राईचा पर्वत व्हायचा.

म्हणून त्याने दिवसभर सासूबाईंना बाजार दाखवला, संग्रहालय दाखवलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या की हा पाणी प्यायला मागोमाग हजर. रात्री त्या बाहेरच्या खोलीत झोपल्या, तर उकडतंय म्हणून याने आपली गादी मधल्या दारातच अंथरली.

"जावईबापू, तुम्ही तर माझी सावलीच झालात," सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांनी जन्मात इतकं केलं नाही."

रविवारी सकाळी त्या दहाच्या गाडीने जाणार होत्या, पण चहा पिता पिता बेत बदलला. दीपगृह राहिलंच की. सहाची गाडी आहेच. जावयाला हे पथ्यावरच पडलं. पिशवी बरोबर घ्यायची आणि तिकडूनच गाडीत बसवून द्यायचं, परत घरी यायचं कामच नाही.

आठ वाजता दारातच निरोप झाला, त्याच्या डोळ्यांदेखत. सासूबाईंनी छकुलीच्या मुठीत घडी केलेली नोट कोंबली, तिच्या गालाला नाक घासलं. लेकीला एवढंच म्हणाल्या, "वेळेवर जेव गं." दोघींपैकी कुणीच रडलं नाही. रडारडीची तयारी ठेवलेल्या जावयाला हायसं वाटलं.

सवयीने त्याचा हात खिशातल्या कुलपाकडे गेला. सासूबाई पायरीवर थांबून बघत होत्या.

"आत माणूस आहे ना?" त्या म्हणाल्या.

तो हसला आणि त्याने दार नुसतं ओढून घेतलं. जिना उतरताना त्याने विचार केला, आई माझ्यापाशी आहे, तिला टाकून ही कुठे जाणार?

रस्त्यावर आल्या आल्या सासूबाईंनी त्याचं कोपर धरलं. गाड्यांची भीती वाटते म्हणाल्या. ते कोपर त्यांनी दिवसभर सोडलं नाही. दीपगृहाच्या प्रत्येक वळणावर त्या बसल्या. वर पोचल्यावर एकेका जहाजाची चौकशी केली. मग मत्स्यालयात एका पेटीसमोर त्यांनी अर्धा तास काढला. आत एक मासा काचेला तोंड लावून गोल गोल फिरत होता.

"दार शोधतोय का हो?" त्यांनी विचारलं.

"काचेची पेटी आहे, आई. दार कुठलं?"

एक वाजता त्याने बायकोच्या मोबाइलवर फोन केला. तिने लगेच उचलला. मागे घरघर ऐकू येत होती. मशीन लावलंय, ती म्हणाली. छकुली काय करते? खिडकीतून बघतेय. बरं, म्हणून त्याने फोन ठेवला. एरवी दर तासाला करायचा, पण आज एक हात अडकलेला आणि म्हातारी कान देऊन शेजारी उभी.

तीन वाजता त्याने सुचवलं, घरी जाऊन जरा टेकू. सासूबाईंना वाळूवर चालायचं होतं. चार वाजता त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. चांभार मिळेपर्यंत पाच. कोपराला त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. आपल्यालाच कुणी डांबून ठेवलंय असं त्याला वाटायला लागलं, आणि सहा काही वाजेनात.

अखेर वाजले. त्याने सासूबाईंना खिडकीची जागा मिळवून दिली, पिशवी फळीवर ठेवली, पाण्याची बाटली आणून दिली. दोन दिवस पार पडले होते आणि मायलेकींना पाच मिनिटंही मिळाली नव्हती. आता त्याला म्हातारीची थोडी दयाच आली. गाडी सुरू झाली तसा तो खिडकीखाली जाऊन उभा राहिला.

"लेकीला काही निरोप, आई? घरी गेलो की सांगतो."

सासूबाईंनी काच सरकवली.

"निरोप कशाला?" त्या म्हणाल्या. "पहाटे गावी उतरले की तिच्याच हातचा चहा प्यायचाय मला."